पाठीला लावलेला ओळंबा

“सिमेंट कुठल्या कंपनीचं?” मी विचारलं.

डॉक्टर नायकवडींनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मिरजेच्या त्या दवाखान्यात तोवर त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. तरुण डॉक्टर, माझ्या मुलापेक्षा, बसूपेक्षा दोन-चार वर्षांनी लहानच. हसू दाबत म्हणाले, “बाबा, हे घर बांधायचं सिमेंट नाही. हे हाडात भरायचं, वेगळं असतं.”

“वेगळं म्हणजे कसं? वाळूचं प्रमाण किती?”

“वाळू नाही, खडी नाही. एक भुकटी असते आणि एक पातळ औषध. दोन्ही कालवली की लगदा होतो, मग तो घट्ट होतो.”

“आणि पाणी?”

“पाणी अजिबात नाही.”

जन्मभर गवंडीकाम केलं, जतकडच्या निम्म्या गावांत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत. बिनपाण्याचं सिमेंट मी कधी ऐकलं नव्हतं. पण डॉक्टर शिकलेला माणूस, त्याच्या कामात आपण किती नाक खुपसायचं?

पलीकडे तपासायच्या टेबलावर माझी बायको कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन, पदराचा बोळा दातात धरून. तो बोळा काढून ती म्हणाली, “अवो, कंपनी मागनं ईचारा. आदी मला ईचारा की. मी काय भिंत हाय व्हय, सिमेंट भरायला?”

ही सत्यव्वा. तुम्ही तिला तेव्हा तसं पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, म्हातारी थकलीय, चालायचंच. गावात सगळे हेच म्हणत होते. पण मी तिला तिच्या विशीपासून पाहत आलोय. लग्न झालं आणि ती माझ्याच हाताखाली बिगारी म्हणून लागली. मी भिंत चढवायची, तिनं मालाचं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचं, घमेलं वर आणून द्यायचं. बांबूच्या शिडीवरून ती डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन चढायची, तर एक हात निऱ्यांना आणि दुसरा मोकळा. घमेल्याला हात नाही, शिडीला हात नाही. मान अशी ताठ की वरचा माल हलायचा नाही. नवीन मुकादम आले की काम सोडून बघत राहायचे. मी परांचीवरून थापी मारत तिरक्या डोळ्यानं ते बघायचो आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला बोलू? साइटवरच्या बायका तिला ओळंबाबाई म्हणायच्या.

ओळंबा म्हणजे आमचं हत्यार. दोरीच्या टोकाला पितळेचा लट्टू. भिंतीच्या माथ्यावरून सोडला की भिंत सरळ आहे की कलली आहे ते लगेच कळतं. माझा ओळंबा बापाच्या हातचा. काम असो नसो, तो माझ्या खिशात असतोच. सत्यव्वा वरून दोरी धरायची, मी खाली बसून लट्टू बघायचो आणि ती विचारायची, “किती?” मी सांगायचो. एकदा आमच्या पाटलांच्या गोठ्याची भिंत एक बोट बाहेर गेली. मी पाडायला घेतली. पाटील म्हणाले, “मिस्त्री, म्हशींना काय कळतंय?” मी म्हणालो, “मला कळतंय की.” दिवसभराचं काम त्या दिवशी मी स्वतः जमीनदोस्त केलं आणि सत्यव्वानं त्याच विटा साफ करून परत रचल्या, एक शब्द न बोलता.

तर अशी ही बाई. तिची पाठ मोडली ती कशानं, तर अर्ध्या बादलीनं. मोरीतली बादली उचलून अंगणात ठेवायला वाकली, “आई गं” म्हणाली आणि खाली बसली, ती सरळ झालीच नाही. डोंगराएवढा माल वाहिलेली बाई आणि अर्धी बादली पाणी. मला तर त्या बादलीचा रागच आला. तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला, शेक देऊन झाला. दोन महिने ती दुमडलेली राहिली. या कुशीवरून त्या कुशीवर वळायचं म्हटलं तरी तोंडातून असा आवाज यायचा की शेजारच्या घरातले बोलायचे थांबायचे. शेवटी बसूनं सुट्टी टाकली, गाडी केली, आम्हाला मिरजेत आणून सोडलं आणि तो सांगलीला ड्युटीवर गेला.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर फोटो लावला. “हे मणके. एकावर एक असे रचलेले. वय वाढलं की हाडं आतून पोकळ होतात, ठिसूळ होतात. बायकांची जास्तच. मग जरासं वाकलं तरी मणका दबतो. हा बघा.”

मी जवळ गेलो. वर-खाली सगळे मणके चौकोनी होते, विटांसारखे. मधला एक पुढून चेपला होता, पाचरीसारखा. त्याच्यामुळे वरचा सगळा थर पुढं झुकला होता. एवढं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मग आता?”

“पाठीवर दोन बारीक छिद्रं पाडायची, नळी जाईल एवढीच. त्यातून एक फुगा आत न्यायचा, हळूहळू फुगवायचा, म्हणजे दबलेला मणका थोडा वर उचलला जातो. मग फुगा काढून त्या जागेत सिमेंट भरायचं. तेवढ्या भागाला बधिर करू, थोडी गुंगी देऊ. चिरफाड नाही.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “एक सांगतो बाबा. दुखणं बहुतेक जाईल. पण दोन महिने गेलेत. आजी किती सरळ होतील याची हमी मी देणार नाही.”

“मला न्हाई करायचं,” सत्यव्वा टेबलावरून म्हणाली. “पाठीत दगड घेऊन मी काय करू? उद्या वाकता आलं न्हाई तर?”

डॉक्टरांनी तिला समजावलं. एकदा समजावलं, दोनदा समजावलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि माझ्याकडे बघितलं.

मी तिच्या डोक्याशी स्टूल ओढून बसलो. “सत्यव्वा, देवळाच्या मंडपाची तुळई खचली होती, ध्यानात आहे?”

“हाय की.”

“काय केलं होतं आपण? मंडप पाडला होता?”

“कशाला पाडतोय? खालनं जॅक लावला, तुळई उचलली, फटीत माल भरला.”

“हे तेच आहे. फुगा म्हणजे जॅक.”

तिनं पदराचा बोळा मुठीत आवळला. मग म्हणाली, “आन् जॅक काडल्यावर परत बसली तर?”

“म्हणून तर माल भरायचा.”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकून ऐकत होते. सत्यव्वानं मान वळवली, तेवढ्यानंही तिचा चेहरा कळवळला. “मला असं दुमडून गावात न्यायचं न्हाई बगा. लोकं म्हणत्याल, ओळंबाबाईचं बोचकं झालं. करायचं तर एका अटीवर. झाल्यावर ओळंबा तुमी लावायचा. आन् खरं सांगायचं. भिंतीला सांगता तसं. बायको म्हणून सोडायचं न्हाई.”

“नाही सोडणार,” मी म्हणालो. म्हणालो खरा, पण भिंतीला सांगणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो, खिशातल्या लट्टूवर अंगठा फिरवत. असं बाहेर बसून राहायची मला सवय नाही. दुसऱ्याच्या साइटवर हातात थापी नसताना बसलो की मला घामच फुटतो. आत यंत्राचा घूं घूं आवाज येत होता. मधेच दार उघडून सिस्टर रूथ बाहेर आल्या. वॉर्डच्या मुख्य त्याच, मिरजेच्याच, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

“तुम्हीच ना सिद्राम मिस्त्री? बाई गुंगीतही गप्प बसत नाहीत. डॉक्टरांना विचारतायत, माल पातळ तर झाला नाही ना, वाहून जाईल म्हणून.”

माझा जीव भांड्यात पडला. बोलतेय म्हणजे ठीक आहे. “डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, थोडा घट्ट होऊ देतोय आजी. मग भरतो.” सिस्टर आत गेल्या आणि मला त्या डॉक्टरबद्दल पहिल्यांदा भरवसा वाटला. माल बरोबर जमायची वाट बघणारा माणूस कामाचा असतो.

तासाभरात तिला वॉर्डात आणलं. पाठीवर दोन छोट्या पट्ट्या, बस्स. दुपारपर्यंत उताणं झोपवलं, मग कुशीवर व्हायला सांगितलं. ती वळली. मी तो आवाज ऐकायला मन घट्ट करून बसलो होतो, तर आवाज आलाच नाही. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही, नजर लागेल म्हणून.

सिस्टर चहाला गेल्या तशी ती कुजबुजली, “अवो, पाणी मारलं का?”

आता तुम्ही हसाल. पण सांगा, सिमेंटचं काम करून त्याला पाणी न मारणारा मिस्त्री तुम्ही कुठं पाहिलात? कालवायला पाणी नाही, हे मी मानलं होतं. पण मारायला नाही असं डॉक्टर कुठं म्हणाले होते? स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून पाणी, गोणपाट ओला करून वर टाकायचा, सुकू द्यायचा नाही. सुकला की चिरा जातात. डॉक्टर बिचारा तरुण, विसरला असेल. त्याच्या ध्यानात आणून द्यायला मला संकोच वाटला आणि सिमेंट काही संकोचासाठी थांबत नाही.

मी खांद्यावरचा टॉवेल तांब्यातल्या पाण्यात भिजवला, जरा पिळला आणि तिच्या पाठीवर पसरला.

“गार लागतंय?”

“लागू दे. कडंनी बी घाला.”

मी कडेनंही घातलं. टॉवेल अंगाच्या उबेनं कोमट झाला की परत भिजवायचा, असं दोघांचं गुपचूप चाललं होतं. पलीकडच्या खाटेवरची बाई डोळे फाडून बघत होती. तिला सत्यव्वानं सांगितलं, “सिमेंट भरलंय ना, म्हणून.” तिनंही समजल्यासारखी मान हलवली.

सिस्टर रूथ परत आल्या, चादरीला हात लावला आणि थबकल्या. मग आवाज अगदी मऊ करून म्हणाल्या, “असू दे आजी, होतं असं. लाजू नका. बदलू आपण.”

सत्यव्वाचा चेहरा लालबुंद झाला. “मी न्हाई केलं काय. ह्यांनी केलंय.”

सिस्टरनी टॉवेल पाहिला, तांब्या पाहिला, मग मला पाहिलं. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी सांगत नाही. डॉक्टर आले. पट्ट्या काढल्या, जागा पुसून कोरडी केली, नव्या लावल्या. माझ्यावर चिडले होते आणि त्यांचं बरोबरच होतं. “बाबा, ती जखम आहे. पाणी मुरलं असतं, पू झाला असता तर सगळ्या कामावर पाणी पडलं असतं.”

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण मनातली शंका जाईना. “डॉक्टर, चुकलं माझं. पण पाणी न मारता ते पक्कं कसं होणार?”

ते माझ्याकडे बघत राहिले. राग कुठल्या कुठं गेला. खाटेच्या कडेला टेकून म्हणाले, “ते स्वतःच्या उष्णतेनंच पक्कं होतं. त्याला बाहेरचं काही लागत नाही. आजींना आतून बाहेर आणलं तेव्हाच ते दगड झालं होतं.”

“म्हणजे स्लॅबसारखं दिवस मोजत बसायचं नाही?”

“उद्या सकाळी उभं करतो. तुमच्यासमोर.”

सकाळी ते खरंच आले. सिस्टर रूथ होत्या. सत्यव्वानं केस विंचरून घेतले होते, कुंकू लावलं होतं. सिस्टरनी तिला कुशीवर घेऊन पाय खाली सोडायला शिकवलं. ती खाटेच्या काठावर बसली. मग डॉक्टरांनी एक हात धरला, सिस्टरनी दुसरा, आणि ती उठली. उठताना वेळ घेतला, पण उठली. मग दोन्ही हात झटकून टाकले.

“सोडा. मी पडत न्हाई.”

दोन महिन्यांनी तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. दोन महिने मी तिच्या केसांचा भांगच बघत होतो.

“काडा ओळंबा,” ती म्हणाली.

“काय काढा?” डॉक्टरांनी विचारलं.

मी खिशातून काढला. काय ठरलंय ते सांगितलं. मला वाटलं, हसतील, नाहीतर रागावतील. तर ते म्हणाले, “आम्हीही असंच बघतो बाबा. फोटोवर वरून खाली रेघ मारून. द्या, दोरी मी धरतो.” आणि त्या माणसानं तिच्या बाजूला उभं राहून कानाच्या पाळीशी दोरी धरली, एखाद्या जुन्या बिगाऱ्यासारखी, हात जराही हलू न देता. लट्टू घोट्यावर आला तर माणूस ओळंब्यात. मी खाली बसलो.

लट्टू फिरत फिरत थांबला. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या होत्या. वरून तिचा नेहमीचा आवाज आला, “किती?”

सिस्टर रूथ तिच्या मागून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, बरोबर आहे म्हणा, म्हणून टाका. म्हणावंसं मलाही फार वाटलं. इतकं की जीभ उचलली गेली होती. पण खाली बसून, दोरीकडे बघत, तिला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आणि तिला ते कळलंच असतं.

“दोन बोटं पुढं,” मी म्हणालो.

सिस्टर रूथनी कपाळाला हात लावला.

“पाटलाच्या गोठ्याची किती व्हती?” तिनं विचारलं.

“एक.”

“ती पाडलीसा.”

“पाडली.”

“मग आता?”

मी तसाच उकिडवा बसून राहिलो, लट्टू हातात धरून. वर बघायची हिंमत होत नव्हती.

“उठा,” ती म्हणाली. “आन् तो हिकडं द्या. आता तुमी ऱ्हावा हुबं.”

“मी कशाला?”

“ऱ्हावा म्हणते ना. डॉक्टर, ह्यांच्या कानाला धरा दोरी.”

मी उभा राहिलो. छाती काढली, पोट आत घेतलं, होता नव्हता तेवढा ताठ झालो. तिला वाकायला बंदी, म्हणून सिस्टर रूथ खाली बसल्या. लट्टू थांबला. सिस्टरनी बोटं लावली, परत लावली.

“किती?” सत्यव्वानं विचारलं.

“पाच. पाचाहून थोडी जास्तच.”

“ऐका,” सत्यव्वा सगळ्या वॉर्डाला म्हणाली. “पाच बोटं कललेला मिस्त्री मला दोन बोटं सांगतोय.”

आधी पलीकडच्या खाटेवरची बाई हसली, मग सिस्टर, मग सगळा वॉर्ड. डॉक्टर तर दोरी धरूनच हसत होते. मीही हसलो. पन्नास वर्षं भिंतींपुढं वाकून माझी पाठ कधी झुकली, मला पत्ताच नव्हता. दुसऱ्यांच्या भिंतीला ओळंबा लावला, स्वतःला कधी लावला नाही. हसणं थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, “बाबा, तुमचीही हाडं तपासून घेऊ. आजच.”

तपासली, तीही ठिसूळ निघाली. त्याच्या गोळ्या मी अजून घेतो, आणि तिची हाडांची सुई चुकवत नाही. वजन उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही, हे ती पाळते. बादली मी उचलतो. नऊ वर्षं झाली या गोष्टीला. आता मी हे सांगतोय आणि ती बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसलीय. ऐकत असणार, मधेच चूक काढेल.

पण शेवटचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या सकाळी आम्हाला सोडलं. बसूच्या खोलीवर सांगलीला जायचं म्हणून वॉर्डातून निघालो. लांब व्हरांडा होता. मी तिचा हात धरायला पुढं झालो, तर म्हणाली, “मागनं या.” आणि चालायला लागली. हळू, पण मान तीच. एक हात निऱ्यांना, दुसरा मोकळा. डोक्यावर घमेलं तेवढं नव्हतं. दारादारातून लोक वळून बघत होते आणि मी मागून पिशव्या घेऊन चाललो होतो, परांचीवरून बघायचो तसाच बघत.

फाटकाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाला आम्हाला बघून लगबगीनं खाली उतरला. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पुढं येऊन त्यानं दंड धरला, माझा.

“सावकाश बाबा, घाई नाही. आधी बूड टेकवा, मग पाय आत घ्या.” आणि तिच्याकडे वळून म्हणाला, “आजी, कसलं ऑपरेशन झालं बाबांचं?”

सत्यव्वानं माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला, दाराची दांडी धरली आणि ताठ मानेनं आत येऊन माझ्या शेजारी बसली.

“पाठीचं,” ती म्हणाली. “जरा दमानं चालव बाबा. अजून कच्चं हाय.”

रिक्षावाला खरंच हळू चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगली येईपर्यंत मी पेशंट होऊन बसलो आणि इतका फुगलो की रिक्षात मावत नव्हतो.